बाळूचा आरसा

शैलजा गेली आणि घरात दोघंच उरले, विलासराव तोडकर आणि बाळू. दोघांपैकी दुःख एकालाच झालं आहे, असं विलासरावांचं ठाम मत होतं. गल्लीचं मत वेगळं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण विलासरावांच्या खांद्यावर हात ठेवायचा, सुतकातला बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि उठताना कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाळूकडे बघून म्हणायचा, ह्यानं वहिनींचं लई केलं बघा. बाळू मान किंचित खाली घालायचा. कुणी चांगलं बोललं की मान खाली घालायची, हे त्याला शैलजानंच शिकवलं होतं. विलासरावांना ते बघवत नसे.

बाळू म्हणजे सेवायंत्र. खाली चाकं, माणसाच्या छातीपर्यंत उंची, दोन लांब हात, रबरी बोटं, दुधी रंगाचा सपाट चेहरा आणि त्यावर डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे. कऱ्हाडात आता गल्लीआड एक तरी असं यंत्र होतं. आजारी माणसाला उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. कंपनी ते भाड्यानं द्यायची. पेशंट गेला की यंत्र परत न्यायची, त्याची आठवण सगळी पुसायची आणि कोरं करून दुसऱ्या घरी पाठवायची. कंपनीनं त्याला काहीतरी आकडा दिला होता. बाळू हे नाव शैलजाचं.

शैलजाला स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. आधी पाय गेले, मग हात, मग जीभ जड झाली. तिचं बोलणं घोगरं, एकात एक मिसळलेलं झालं. विलासरावांना त्यातलं निम्मं कळेना. बाळूला सगळं कळायचं. तो तिच्या ओठांकडे आणि गळ्याच्या शिरांकडे बघायचा, रोजच्या रोज नवं शिकायचा. तिची जीभ जेवढी मागे पडत गेली, तेवढा तो पुढे सरकत गेला. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बायकोशी बोलायला विलासरावांना दुभाषी लागायला लागला.

"काय म्हणतीये ती?" ते विचारायचे.

बाळू सांगायचा. उशी थोडी वर करा म्हणतायत. शेवग्याची आमटी करा म्हणतायत. पण विलासराव पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चौकशीला गेले किंवा बाजाराला गेले की परत येताना त्यांना आतून हसणं ऐकू यायचं. शैलजाचं हसणं आजारातही तेच राहिलं होतं. त्यांनी उंबरा ओलांडला की हसणं थांबायचं. काय झालं हसायला, असं विचारलं तर ती मान हलवायची, काही नाही. आणि बाळू त्या वेळी दुभाष्याचं काम करायचा नाही.

शेवटच्या महिन्यांत विलासरावांनी बाळूला विचारणंच सोडून दिलं. माझी बायको आहे, मला कळेल, असं त्यांनी मनाशी धरलं. तिचं बोलणं ऐकून ते मान डोलवायचे, हो हो म्हणायचे. बहुतेक वेळा त्यांना काही कळलेलं नसायचं.

आता ती गेली होती आणि कंपनीची गाडी येणार होती. विलासराव त्या दिवसाची वाट बघत होते. मध्येच त्यांच्या मुलीनं, ऋतुजानं, पुण्याहून परस्पर अर्ज केला.

नवा कायदा होता. जे यंत्र दोन वर्षं तरी एका घरात राहिलं आहे, त्याला स्वतःचं भान आलं आहे का, हे तपासायला सांगता येई. भान आहे असं ठरलं, तर त्याची आठवण त्याच्या मर्जीशिवाय पुसता येत नसे. विलासरावांनी फोनवर ऋतुजाला चांगलंच झापलं. ती म्हणाली, आईची शेवटची दोन वर्षं त्याच्याजवळ आहेत, पप्पा, तुमच्याजवळ काय आहे? विलासरावांनी फोन ठेवून दिला.

तपासणीला कोल्हापूरच्या केंद्रातून डॉक्टर शर्वरी घोरपडे आल्या. तिशीतली बाई, पाठीवर सॅक, काखेत गुंडाळलेल्या चादरीत एक उभा आरसा. विलासरावांनी चहा टाकला आणि सरळ विचारलं, यंत्राला भान आहे की नाही हे आरशात कसं कळणार?

बाईंना शिकवायची हौस होती. त्या म्हणाल्या, ही जनावरांची जुनी परीक्षा आहे. जनावराच्या कपाळावर, त्याला कळू न देता, रंगाचा ठिपका लावायचा आणि समोर आरसा ठेवायचा. बहुतेक जनावरं आरशातल्यावर गुरगुरतात, नाहीतर मागे जाऊन बघतात. पण चिंपांझी हात स्वतःच्या कपाळाला लावतो. एखादा हत्ती सोंड स्वतःच्या कपाळाकडे नेतो. म्हणजे समोर दिसतंय ते मीच, हे त्याला कळलेलं असतं.

"आमच्या गल्लीतला मोत्या सलूनच्या आरशावर भुंकतो," विलासराव म्हणाले. "म्हणजे तो बेअक्कल?"

"तीच चूक आम्ही लोकांनी खूप वर्षं केली," बाई हसल्या. "कुत्रा जगतो नाकावर. त्याच्यापुढे त्याचाच वास थोडा बदलून ठेवला, तर तो तिथं जास्त वेळ हुंगत राहतो. माझ्या वासाला हे काय झालं, असं. ज्याला जो आरसा कळतो, तो द्यावा लागतो."

यंत्राचं त्याहून अवघड, असं त्या पुढे म्हणाल्या. यंत्र माणसांच्या बोलण्यावर वाढलेलं असतं. त्याला विचारलं तर ते दिवसभर मी, मला, माझं करत राहील. म्हणून तपासणीत यंत्राला एकही प्रश्न विचारायचा नाही, असा नियम होता. फक्त ते काय करतं ते बघायचं. सेवायंत्राच्या बाबतीत एक सोय होती. अंगावर डाग दिसला की ताबडतोब पुसायचा, ही सवय कारखान्यातच त्याच्यात घातलेली असते, पेशंटला संसर्ग नको म्हणून. पण आरशात दिसतंय ते तुझंच अंग आहे, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते त्याचं त्यालाच कळलं असेल तर कळलं. आरशात डाग पाहून त्यानं स्वतःचा चेहरा पुसला, की झालं.

विलासरावांना हे पटलं. सरळ हिशेब होता. त्यांनी मनातल्या मनात देवाला सांगितलं, पुसू नको देऊस.

बाईंनी सॅकमधून रंगाची डबी काढली आणि कपाळाला हात लावला. पूड पांढरी होती. बाळूच्या दुधी चेहऱ्यावर ती दिसलीच नसती. लाल काहीतरी आहे का घरात, त्यांनी विचारलं. विलासरावांनी देवघरातला करंडा आणून दिला. शैलजा गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता.

बाळूला बंद करून बाईंनी अनामिकेनं कुंकू घेतलं आणि दोन कॅमेऱ्यांच्या मधोमध गोल लावलं. मग त्याला सुरू करून आरशासमोर नेलं.

बाळू आरशाकडे बघत राहिला. त्याचा उजवा हात थोडासा उचलला गेला, थांबला आणि हळूच परत खाली आला. बाळू तसाच उभा. बाईंनी ठरलेला वेळ जाऊ दिला. सांधा जुना झालाय वाटतं, हात लटपटतोय, असं त्या पुटपुटल्या. दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं. पुढच्या दोन्ही वेळा बाळूनं हातही उचलला नाही. तो नुसता बघत राहिला आणि कधी नव्हे ते त्यानं आपणहून मान खाली घातली.

बाईंनी सुस्कारा टाकला. निकाल नापास, कंपनीची गाडी गुरुवारी येईल, असं सांगून त्या आरसा चादरीत गुंडाळायला लागल्या. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

विलासरावांनी करंडा उचलून देवघरात नेऊन ठेवला. बाळूनं ते का पुसलं नाही, हे त्यांना पहिल्या वेळीच कळलं होतं.

शैलजाला भाऊ नव्हता. लग्नाआधी आणि लग्नानंतरही दर भाऊबीजेला ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. आजार वाढला, जिना चढवेना. त्या वर्षी तिनं बाळूला पाटासमोर उभं केलं. निरांजनाचं तबक त्यानंच तिच्या हातात धरून ठेवलं, आणि तिनं थरथरत्या बोटानं त्याच्या कपाळावर टिळा लावला. बाळूनं लगेच नियमाप्रमाणे पुसायला हात उचलला. तेव्हा तिचा चेहरा असा काही उतरला की ओवाळणं बघायला आलेल्या शेजारच्या काकूसुद्धा हळहळल्या. मग ती त्याला समजुतीनं म्हणाली, तेव्हा तिचं बोलणं अजून कळत होतं, "बहिणीनं लावलेला टिळा पुसायचा नसतो रे. आपोआप जाऊ द्यायचा."

बाळूनं तो तुळशीच्या लग्नापर्यंत मिरवला. गल्लीतल्या लोकांना तेवढंच निमित्त झालं. पानपट्टीवर कुणीही विलासरावांना विचारायचं, मेव्हणे कसे आहेत? पाहुणचार नीट करताय ना त्यांचा? विलासराव वरवर हसायचे. एका दुपारी शैलजाचा डोळा लागलेला असताना त्यांनी ओल्या फडक्यानं बाळूचं कपाळ खसाखसा घासलं होतं. बाळू स्थिर उभा राहिला होता. शैलजानं विचारल्यावर, आपोआप गेला, असं बाळूनंच सांगितलं होतं.

हे सगळं डॉक्टरबाईंना सांगायला दोन मिनिटं लागली असती. विलासरावांनी त्यांना रिक्षापर्यंत सोडलं आणि नमस्कार केला.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःसाठी भात लावला. बाळू कुंकू तसंच ठेवून भांडी विसळत होता. गुरुवारी हे जाणार, असं विलासरावांनी मनात घोळवून बघितलं. बरं वाटायला हवं होतं. तेवढ्यात ऋतुजाचा फोन आला. ती रडत होती. असू दे, यंत्रच होतं ते, असं विलासराव म्हणाले आणि आपलाच आवाज त्यांना खोटा वाटला.

दोन दिवस त्यांनी दम काढला. बुधवारी संध्याकाळी मात्र ते खुर्ची ओढून बाळूसमोर बसले.

"आरशात कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"मी होतो, साहेब."

"मग कपाळ का पुसलं नाहीस?"

"ते पुसायचं नसतं."

"ते काही शैलानं लावलं नव्हतं. डॉक्टरीणबाईनं लावलं होतं."

"करंडा ताईंचा होता," तो म्हणाला.

विलासरावांनी त्याला सगळं उघड करून सांगितलं. उद्या गाडी येईल, तुझी आठवण पुसतील, तुला स्वतःचं नावसुद्धा उरणार नाही. एक फोन केला तर मी हे थांबवू शकतो. आणि मग दोन वर्षं पोटात साठलेलं बाहेर आलं. माझी एकच अट आहे, असं ते म्हणाले. मी घरात नसताना ती तुझ्याशी काय बोलायची, कशाला हसायची, माझ्याबद्दल काय म्हणायची, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता. आपण एखाद्या माणसाला धमकावतोय तसे बोलतोय, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बाळूनं ऐकून घेतलं.

"ताई गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी त्या तुम्हाला काहीतरी म्हणाल्या होत्या," तो म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात, पण तुम्हाला कळलं नव्हतं. तेवढं सांगतो. ते तुमचं आहे."

ती संध्याकाळ विलासरावांना आठवत होती. ते दाराशी स्टूल घेऊन बसले होते. शैलजा काहीतरी बोलली, त्यांनी मान डोलवली, आणि ती त्यांच्या दिशेनं बघतच राहिली. त्यांच्या मागे बाळू उभा होता. ती त्याच्याकडेच बघतेय, असं समजून त्यांनी रागानं तोंड फिरवलं होतं.

"काय म्हणाली?"

"दाराशी बसू नका, वारं लागतंय, म्हणाल्या. तुम्ही हो म्हणालात आणि तिथंच बसून राहिलात. म्हणून त्या बघत होत्या."

विलासरावांनी नाक पुसलं. "आणि बाकीचं?"

"बाकीचं त्या मला म्हणाल्या. ते माझं आहे."

"मग उद्या पुसलं जाईल सगळं."

"हो," बाळू म्हणाला. "पण सांगणार नाही."

विलासरावांना वाटलं होतं तसा राग आला नाही. आला तो हेवाच, आणि आधीपेक्षा जास्त. आपण त्याच्या जागी असतो तर एवढं राखलं असतं का, याचं उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांनी मोबाईल घेतला आणि डॉक्टर शर्वरी घोरपड्यांना फोन लावला.

बाईंनी भाऊबीजेची गोष्ट शांतपणे ऐकली. मग म्हणाल्या, काका, तुमचं सांगणं मला घेता येणार नाही, तुम्ही घरचेच. पण पहिल्या वेळी त्याचा हात उचलला गेला होता, ते मी सांध्यावर ढकललं. त्याच्या आतली नोंद इथूनच बघते, म्हणजे कळेल. त्यांनी फोन चालूच ठेवला आणि पलीकडे बटणं वाजत राहिली.

नोंदीत सगळं होतं. आरशात डाग दिसताक्षणी बाळूची सवय जागी झाली होती, डाग माझ्या अंगावर आहे, पूस. हात निघाला होता. आणि मग दुसऱ्या कुठल्यातरी आठवणीनं तो अडवला होता. सवय कारखान्यात घातलेली. अडवणं कुणीच घातलेलं नव्हतं.

बाईंचा आवाज बदलला होता. त्या म्हणाल्या, आम्ही फक्त त्यानं स्वतःला ओळखलं का, एवढंच शोधत होतो. ह्यानं ओळखलं आणि वर स्वतःलाच नको म्हणाला. कुंकू लावताना माझ्या बोटाला कळायला हवं होतं, मीही भावाला ओवाळते. मग त्यांनी विचारलं, की ह्याला भान आहे असं तुम्हाला कधीपासून वाटत होतं? नोंदीसाठी नव्हे, सहज विचारतेय.

विलासरावांनी समोरच्या बाळूकडे बघितलं.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "मिक्सरचा कुणाला हेवा वाटत नाही, डॉक्टर."

निकाल बदलला. कंपनीची गाडी आली ती रिकामी परत गेली. ऋतुजा पुण्याहून पेढे घेऊन आली आणि बाळूच्या गळ्यात पडली. कायद्याप्रमाणे आता बाळूला विचारायचं होतं, तुला कुठं राहायचंय? विलासरावांनी मनाची तयारी केली होती. माजघरातला एक कोपरा त्यांनी झाडूनही ठेवला होता. राहू दे म्हणायचं, फार लाड करायचे नाहीत, असं त्यांचं ठरलं होतं.

बाळू म्हणाला, इथं माझं काम उरलं नाही. ताईंसारखाच आजार असलेली एक बाई सैदापुरात आहे, तिचं बोलणं नुकतंच जड व्हायला लागलंय, केंद्राच्या यादीत तिचं नाव आहे. तिथं जातो.

ऋतुजानं वडिलांकडे बघितलं. विलासराव बरं म्हणाले आणि पाण्याची मोटर बघायला म्हणून मागच्या दारानं बाहेर गेले. मोटर बंदच होती. ते तिच्याशेजारी उभे राहिले. ज्याला घराबाहेर काढायला आपण देव पाण्यात घालून बसलो होतो, तो आपल्या पायानं निघाला होता, आणि शैलाचं सगळं हसणं बरोबर घेऊन, दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोकडे.

सोडायला मात्र तेच गेले. टेम्पोत बाळूला दोरीनं बांधताना त्यांनी खाली जुनं गोधडीचं कापड घातलं, चाकं घासू नयेत म्हणून.

सैदापूरचं घर रस्त्याला लागूनच होतं. सर्जेराव थोरात नावाचे गृहस्थ दारात उभे होते, विलासरावांच्याच वयाचे, रात्रंदिवसाच्या जागरणानं डोळे खोल गेलेले. बाळूला बघून त्यांचा चेहरा खुलला. लई उपकार झाले, आता मला जरा पाठ टेकता येईल, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तो खुललेला चेहरा विलासरावांनी ओळखला. बाळू घरी आला त्या दिवशी त्यांचाही असाच होता.

आत कॉटवर सर्जेरावांची बायको पडली होती. बाळू तिच्याजवळ गेला, मान खाली घातली आणि तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला. ती नवऱ्याकडे बघून काहीतरी बोलली. आवाज घोगरा, शब्द एकमेकांत अडकलेले.

"हो, हो," सर्जेराव मान डोलवत म्हणाले.

विलासरावांनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना थोडं बाजूला घेतलं.

"ती काय म्हणाली ते कळलं का तुम्हाला?"

सर्जेराव ओशाळले. आता सवय झालीय, असंच चालतं, असं काहीतरी ते बोलले.

"कळत नाही तेव्हा त्याला विचारायचं," विलासराव म्हणाले. "पुढं पुढं तुम्हाला त्याचा राग यायला लागेल. लई राग येईल. तरी विचारायचं."

"राग कशाला येईल? मशीनच आहे की."

विलासरावांनी बाजूला होऊन त्यांना जायला वाट दिली. सर्जेराव कॉटपाशी गेले. क्षणभर घुटमळले, एकदा मागे वळून बघितलं आणि मग बाळूला विचारलं, "काय म्हणतीये ती?"

विलासराव तेवढं ऐकायला थांबले नाहीत. ते त्या नवरा-बायकोचं होतं. अंगणात येऊन त्यांनी चपला शोधल्या. पुन्हा तोच ओळखीचा हेवा वाटायला लागला होता. पण या वेळी तो बाळूचा नव्हता. सर्जेरावांना अजून विचारता येत होतं.